चाळीस पत्ते

बिबवेवाडीच्या वाचनालयात, शनिवारी दुपारी,
पेपरांचं टेबल रिकामं करून
मी चाळीस पत्ते मांडले.
एकेकावर एकच काम: घरपट्टी. नळजोड.
जन्मदाखला. कुत्र्याचा परवाना. पत्ता बदलणे.
म्हटलं, जे एकत्र वाटतं ते एकत्र ठेवा,
गठ्ठ्याला नाव तुम्हीच द्या.
चूक असं काही नसतं.

पेन्शनर गुर्जरांनी खातेनिहाय लावले,
कडा जुळवल्या,
आणि माझी वेलांटीची चूक दाखवून गेले.
क्लासला निघालेल्या पोराने दोनच ढीग केले:
फोनवर होतं. जावं लागतं.

रंजना ओव्हाळ चष्मा विसरल्या होत्या.
मी वाचत गेले, त्या बोटाने सांगत गेल्या.
मृत्यूदाखल्याशेजारी वीजमीटर,
त्याला लागून घरपट्टी, वारसनोंद,
रेशनकार्डावरचं नाव कमी करणे
आणि (हे मी दोनदा विचारलं)
शाळेची फीमाफी.

नाव काय देऊ याला?
पंखा गरगरत होता, पत्ते हलू नयेत म्हणून
त्यांनी वर किल्ल्यांचा जुडगा ठेवला.
"लिहा," म्हणाल्या, "हे गेल्यावर."

कुत्र्याचा परवाना मात्र हातातच राहिला.
कुठे ठेवू?
"राहू द्या. तो अजून सातला
जिन्यात जाऊन बसतो."

सोमवारी अहवाल दिला.
साहेबांनी पान उलटलं, परत मागे आले,
पेन्सिलीने गोल केला:
'हे' म्हणजे कोण?
स्पष्ट लिहा.