तिसरा रोनिन

ओसाकातल्या आमच्या स्टुडिओत मरायला
तो क्योतोहून सकाळच्या पहिल्या गाडीने यायचा.
डबा स्वतःचा, टॉवेल स्वतःचा.
कुसाकाबे तोकुजी, वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं तलवारपटांत मागून ओरडत धावत येणारा,
नायकाच्या एका फटक्यात आडवा होणारा.
श्रेयनामावलीत असलाच कधी,
तर ‘आणि इतर’मधल्या ‘इतर’च्या पोटात.

आता अंगाला चिकटलेला काळा सूट,
त्यावर त्रेपन्न पांढऱ्या गोळ्या, बोरांएवढ्या.
भोवतीच्या कॅमेऱ्यांना तो दिसत नाही, बोरं दिसतात.
माझ्या पडद्यावर रात्री उतरतात ते त्रेपन्न ठिपके.
ना टक्कल, ना पिवळे दात,
फक्त एक माणूस कसा चालतो, तेवढं.
त्यांतली थरथर पुसून काढायची, हे माझं काम.

“पाव क्षण आधी पडलास,” तो नवख्या पोराला सांगायचा,
“तर त्याची तलवार खोटी.
पाव क्षण उशिरा पडलास,
तर तुझं मरण खोटं.”
आणि पडून दाखवायचा:
आधी खांदा, मग कंबर,
सगळ्यात शेवटी तळवा,
भाजीची पिशवी जमिनीला टेकवावी तसा.
तीन आठवड्यांत एकशे चौदा मरणं दिली त्याने.
पोटावर, मानेवर, पुलावरून उलटा,
गुडघाभर भातखाचरात
(खाचर म्हणजे निळी गादी).
धारातीर्थी पडण्याचे दिवसाला बारा हजार येन,
चहा फुकट.

शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी,
सेगावासाहेब माइकवरून म्हणाले,
“एक जिंकण्याचंही घेऊन टाकू.
खेळणारा मेला, तर तिसरा रोनिन काय करतो?”

तोकुजी उभा राहिला.
पायाशी नवखा पोरगा मरून पडलेला.
तलवार झटकली, म्यान केली.
एवढं त्याला येत होतं;
पडल्या पडल्या, एक डोळा किलकिला करून
किती नायकांना पाहिलं होतं हे करताना.
पण पुढचं कधी बघायला मिळालं नव्हतं,
तोवर कॅमेरा दुसरीकडे वळलेला असायचा.
त्याचा उजवा हात कमरेशी गेला,
खिसा शोधू लागला.
त्या सुटाला खिसा नसतो.
हात तिथेच जरा घुटमळला, मग लोंबकळत राहिला.
“चालेल,” सेगावासाहेब म्हणाले, “ते नंतर काढून टाकू.”

काढून टाकणारी मीच.

मार्चमध्ये तपासणाऱ्यांची यादी आली.
चूक क्रमांक ४४७१: तिसरा रोनिन डावा पाय ओढतो.
चूक क्रमांक ४४७२: जिंकल्यावर कमरेशी काही चाचपतो,
कारण समजत नाही.
दोन्हींपुढे मी लिहिलं, ‘हे असंच आहे.’
कुणी विचारायला आलं नाही.

नोव्हेंबरात यंत्र रुमालात बांधून
मी त्याच्या घरी गेले, उझुमासाला.
सावाएबाई काकीफळं सोलत होत्या.
त्याने कंट्रोलर धरला
भट्टीतून आत्ताच काढलेल्या रताळ्यासारखा.
पडद्यावर त्याचा नायक, वीस वर्षांचा,
गुडघे नवेकोरे.
पूल आला. पलीकडून बिनधन्याचा एक सामुराई
डावा पाय ओढत.
तोकुजी बटणं शोधतोय तोवर
वार.
नायक कोसळला.
“पाव क्षण उशीर,” तो पुटपुटला.

रोनिनने तलवार झटकली. म्यान केली.
वाऱ्यावर गवत हललं, खाली नदी,
आणि त्याचा हात कमरेशी गेला.
“काय शोधतोय हो तो?” सावाएबाईंनी सुरी थांबवून विचारलं.
“परतीचं तिकीट,” तोकुजी म्हणाला.
“काम संपलं की मी आधी तेच बघतो.”

मी काही बोलले नाही. काकी तुरट होतं थोडं.

“पुन्हा एकदा,” म्हणाला.
नायकाला धडपडत पुलापर्यंत नेलं,
समोरून तो लंगडत येताना दिसला,
आणि याने दोन्ही अंगठे
बटणांवरून उचलून घेतले.