डावरा

हे घर आमच्या वाडवडिलांचं नव्हे.
बँकेच्या कर्जावर घेतलं, घाईत असलेल्या एका डॉक्टरकडून,
उत्तरेश्वर पेठेत, गल्लीच्या त्या वळणावर
जिथं रिक्षा मागं घेऊनच फिरवावी लागते.
वरच्या मजल्याला लाकडी गॅलरी.
गजांच्या जागा एकवीस, गज वीस,
आणि सातव्या जागी वीतभर हवा.

तिथं आम्ही नायलॉनची दोरी बांधली होती.
दोरीवर टॉवेल.
हे म्हणायचे, सगळंच काढून टाकू,
स्टीलचं रेलिंग घालू, पुसलं की लख्ख.
उद्यमनगरातून कोटेशन आलं,
मी ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं
आणि रोज दूध आत ठेवताना वाचत राहिले.

दस्तगीर मिस्त्री आले ते दारासाठी.
फुगलेलं दार तासायचं, एवढंच काम.
चहा घेऊन गेले तर दार तसंच,
आणि हा माणूस गॅलरीत मांडी घालून
एकेका गजावरून अंगठा फिरवतोय,
तालमीत नवं पोरगं आलं की
वस्ताद त्याचा खांदा चाचपतो तसा.

"वहिनी, हे करणारा डावरा हुता."

मला हसू आलं. मग त्यांनी दाखवलं.
पाकळीची प्रत्येक खाच उलट्या अंगानं उतरलेली,
वीसच्या वीस गजांवर.
"आणि ह्यो बघा. हितं पटाशी घसरली.
त्यानं लपवलं न्हाई. घसरली तिथनंच येल काढली."

नऊ वर्षं मी या गजांवर गाद्या वाळवल्या.
वेल दिसली नव्हती.

मी म्हटलं, एक गज लेथवर काढून आणा की.
ते म्हणाले, "लेथ एकसारखं काढतो.
हे एकसारखे कुठं हाईत?
हे भाऊ हाईत, जुळे न्हाईत."

लाकूड त्यांनी टिंबर मार्केटातून आणलं नाही.
कुठल्या तरी पाडलेल्या माडीची चौकट,
तिच्यात खिळे होते, ते एक दुपारभर उपसत बसले.
मग अकरा दिवस. मध्ये एक लग्न, एक ताप.
गॅलरीभर भुसा, चहाच्या कपात भुसा,
आमच्या मनीच्या मिशांवर भुसा.

शेवटच्या चार खाचा राहिल्या
तेव्हा त्यांनी पटाशी डाव्या हातात घेतली.
जमेना. अंगठा कापला, तोंडात घातला, पुन्हा घेतली.
"असं का करताय?"
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"लहानपणी ह्या हातावर मार खाल्ला आसंल त्यानं,"
एवढंच म्हणाले, गजाकडे बघत.

मजुरी सांगितली तेवीसशे.
मी म्हटलं, दोन हजार करा.
हे लिहायला नको वाटतं, म्हणून लिहिते.
त्यांनी मान हलवली, नोटा न मोजता खिशात घातल्या
आणि जवसाच्या तेलाचा बोळा
माझ्याकडे देऊन म्हणाले, "वर्षातनं एकदा."

आता सातवा गज पिवळा आहे,
काळ्या भावांमध्ये नुकतीच हळद लागलेल्यासारखा.
मी विचारलं होतं, रंग देऊन मिळता करायचा का?
"नवा हाय तर नवा दिसू दे.
तुम्ही हात लावत ऱ्हावा. काळा हुतोय."

म्हणून भाजीवाली आली की
मी मुद्दाम तिथंच धरून वाकते.
शेवटच्या चार खाचा बोटाला लागतात,
जराशा ओबडधोबड, जराशा थरथरलेल्या.
त्या डावऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही.
दस्तगीर मिस्त्रींचं मला माहीत आहे,
तीनशे रुपयेही माहीत आहेत.

दार मात्र राहूनच गेलं.
अजून खांदा लावून उघडते.
त्यांना फोन करायचाय, करत नाही;
त्यांनी यायला काहीतरी
शिल्लक असलेलं बरं.