कोळशाचा हिशेब

शाळा बांधायची होती, नारीन शहराच्या वरच्या अंगाला,
जिथं जानेवारीत मुलं हातमोजे न काढता अक्षरं गिरवतात.
भिंती पेंढ्याच्या, वर मातीचा गिलावा,
खिडक्या दक्षिणेला,
आणि कोळसा शून्य.
हे शून्य मी अर्जात जाड अक्षरांत लिहिलं होतं.
पैसे त्या शून्यावरच मिळाले.

मग माणसं गोळा करायला निघाले.
मोट बांधायची तर हातात दोर हवा;
माझ्या हातात एक यादी होती, तीही पेन्सिलीनं केलेली.

बिश्केकहून नुरझात आली, बसमध्ये सहा तास
नकाशांचं नळकांडं मांडीवर निजवून.
गेन्नादी आला, उष्णतेचा इंजिनिअर.
त्याचं पहिलं वाक्य, "पेंढा मेंढ्या खातात."
दुसरं वाक्य दुपारपर्यंत आलं नाही.
जुमाली म्हणाला, गव्हाचा पेंढा माझा, ताडपत्री तुमची,
आणि सप्टेंबरातच उचला,
ऑक्टोबरात मी तुम्हाला ओळखणार नाही.

बुरुलकाननं चाळीस वर्षं बुरणूस लाटले होते.
तिनं नकाशा पाहिलाच नाही.
पेंढ्याचा एक गठ्ठा मागवला, त्यावर बसली,
उठली, पुन्हा बसली.
"अजून दाबा. यातून वारा बोलतोय."
गेन्नादी तिच्याकडे पाहत नव्हता.
पण त्यानं लिहून घेतलं.

आणि हिशेबनीस चोल्पोन, चष्मा कपाळावर सरकवून,
"जुन्या शाळेला वर्षाला कोळसा लागतो किती?"
आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली.
शून्यावर यायचं होतं सगळ्यांना,
कुठून यायचं, ते कुणी विचारलं नव्हतं.

तळघरात उतरलो. भट्टीपाशी सागिनबेक.
यादीत त्याचं नाव नव्हतं.
यादी मीच केली होती.

त्यानं फळीवरून वह्या काढल्या, अकरा,
चौकटीच्या, गणिताच्या, कडा काळ्या पडलेल्या.
बावीस हिवाळे.
बाहेर किती. आत किती. फावडी किती.
"चौदा जानेवारी. उणे एकतीस. छप्पन्न फावडी.
तिसरीच्या वर्गात नऊ अंश. मुलं घरी सोडली."
"उत्तरेचा कोपरा. भिंतीला घाम."
"वारा घाटाकडून. धूर पहिलीच्या वर्गात.
अकमारल खोकते."
खाली तीन दिवस फक्त तेवढंच:
"अकमारल नाही."
"नाही."
"आली."

गेन्नादी चांगल्या कोटानिशी काराकेचेच्या कोळशावर बसला
आणि दिवे लागेपर्यंत वाचत राहिला.
त्या रात्री नुरझातनं उत्तरेचा वर्ग पुसला,
तिथं घसरगाड्या आणि बूट ठेवायची खोली काढली.
कुणी वाद घातला नाही.
बावीस हिवाळ्यांशी कोण वाद घालणार.

हात पुसता पुसता सागिनबेकनं एवढंच विचारलं,
"शून्य म्हणजे मीही ना?"

गेन्नादी चहा ढवळत राहिला.
त्यात साखर नव्हती.

मी यादीत त्याचं नाव लिहिलं, शाईनं.
कामाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.
वर्षभराचा पगार चोल्पोननं कुठून तरी काढलाय,
पुढचं ती मान हलवून टाळते.

सप्टेंबरात गठ्ठे उतरले.
ओल मोजायचं यंत्र सीमेवर अडकलेलं.
सागिनबेकनं बाही सारली,
एका गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला,
डोळे मिटून थोडा वेळ थांबला.
"हा परत पाठव."
जुमाली चिडला, गठ्ठा फाडून दाखवला,
आणि मग गप्प बसला.

अर्जात ते शून्य आहे तसंच आहे, जाड.
फक्त त्याच्या आत आता एक माणूस बसलेला दिसतो मला,
न बांधलेल्या भिंतीच्या आडोशाला,
बाराव्या वहीचं पहिलं पान उघडून
रेघा मारत:
बाहेर किती.
आत किती.
तिसरा रकाना त्यानं आखलाय,
पण त्याला नाव दिलेलं नाही.