भंगारातले चंद्र

जालन्यात भट्टीला जायच्या आधी
पत्रा दोन दिवस मुनीर तांबोळीच्या काट्याजवळ पडून असतो.
तेवढीच माझी मुदत.

पहिलं रॉकेट तिथंच सापडलं : लाल, नाकाशी चेमटलेलं,
पोटावर नाणं टाकायची फट.
दुसऱ्या खेपेला खड्ड्याखड्ड्यांचा गोल गल्ला उचलला.
"चंद्राचा काय भाव?"
"पत्र्याचाच की," मुनीर म्हणाला,
"वर गेला असता तं बोललो असतो."

आता एकेचाळीस झालेत,
घड्याळदुरुस्तीच्या माझ्या दुकानात, वरच्या फळीवर.
एका शनीचं कडं हरवलं होतं.
बायकोची जुनी बांगडी लावून पाहिली,
बसली.

एका पांढऱ्या रॉकेटच्या बुडाशी खिळ्यानं कोरलंय :
द्वारका भुतेकर, चौथी ब, हात लावू नये.
लावलेला आहे.
फटीच्या कडा सुरीनं फाकलेल्या,
आत केसाच्या आकड्याचं मोडकं टोक अडकलेलं.
चंद्र यायच्या आधीच कुणीतरी इंधन काढून घेतलं.
द्वारकेनंच, की भावानं,
की रॉकेलच्या रांगेत नंबर आलेल्या आईनं,
कोण जाणे.
याच्या कुलपाला किल्ली मी शोधलेली नाही.

रात्री शटर ओढण्याआधी एकेक कानाशी धरून हलवतो.
बहुतेक मुके.
या एकात मात्र काहीतरी घरंगळतं,
हलकं, पाच पैशांचं असावं, चौकोनी,
फटीपर्यंत येतं,
आकड्याला टेकतं
आणि परत फिरतं.