तिकीट

याच खिडकीतून मी आधीही तिकिटं विकली,
आताही तिकिटंच विकतो.
तेव्हाची नाशिकरोडच्या छापखान्यातली,
पॅसेंजरनं दीड तासाच्या वाटेवरची,
जिभेला लावली की डिंकाची चव यायची.
आताची मोठ्यांना दहा, पोरांना पाच,
पाठीमागून कोरडी.
कुठं पोचवत नाहीत ती काही.
आत या म्हणतात फक्त.

लासलगावचं जुनं पोस्ट. पाटी तीच, लाल रंग नवा.
मांडणीला पुण्याहून एक मॅडम आल्या, सोबत दोन पोरं,
सगळ्यांच्या हातात पांढरे मोजे.
मला सर म्हणायची पोरं.
बारा वर्षं पॅकर, मग एकोणीस पोस्टमन,
तोवर मला सर कुणी म्हटलेलं नव्हतं.
'निकाळे, तार!'
उगावकर मास्तर एवढंच ओरडायचे
आणि मी सायकलवर टांग टाकायचो.

तारा इथं कांद्याच्या.
कलकत्त्यात भाव पडला, माल थांबवा.
गुवाहाटीत चढला, दोन वाघिणी सोडा.
मार्केटात पोचेतो कधी लिलाव उरकलेला असायचा,
शेठ कागद हातात धरून माझ्याकडं असा बघायचा
की भाव मीच पाडला.
ते यंत्र आता काचेत आहे.
पोरं काचेला नाक लावून विचारतात, वाजायचं कसं?
मी टाळूला जीभ लावून दाखवतो, कट्ट, कट कट.
काय बोललो ते मलाही कळत नाही.
ते मास्तरांनाच कळायचं.

वजनकाटा मुळात खोटा.
रिकामा असला तरी उजवीकडं झुकायचा.
मास्तरांनी डाव्या पारड्याखाली
लाखेनं एक चिंचोका चिकटवला होता.
त्या चिंचोक्याच्या जिवावर
गावाचं टपाल खरं तोललं गेलं.
पोरांनी काटा घासला, लखलखीत केला,
चिंचोका निघाला.
आता पुन्हा खोटा आहे, पण चमकतो.
मी बोललो नाही.

बोललो ते एकदाच, सतरा नंबरच्या खणापाशी.
तिथं लिहिलं होतं:
खराब झालेली पोस्टकार्डं, कोपरे फाटलेले.
म्हटलं, मॅडम, फाटलेले नाहीत,
फाडलेले आहेत.

कोपरा नसला की वाचावं लागत नसे.
बायका लांबूनच बघायच्या,
माझ्या हातातल्या कार्डाला चार कोपरे आहेत ना.
तसलं कार्ड मी पिशवीच्या तळाला ठेवायचो.
आधी बाकीचं गाव उरकायचो,
त्या घरातली जेवणं होऊ द्यायचो.
नियमात बसत नव्हतं ते.
सरूबाई निरभवणेच्या दारावरून
एकदा उगीच दोन फेऱ्या मारल्या.
ती भाकरी थापत होती.
वर न बघता म्हणाली,
द्या आता. शेवटचीच आहे तव्यावर.

मॅडमनी हातातला मोजा काढला.
दुसऱ्या दिवशी खणावर नवी चिठ्ठी, दोन ओळींची,
बरोबर लिहिलेली.
माणसं ती वाचतात आणि पुढं जातात,
तारखेच्या ठशाकडं.

ठशात तारीख ठेवायची ठरली होती
पोस्ट नव्या इमारतीत हललं त्या दिवसाची.
पण कपाटाची किल्ली माझ्याकडं असते.
रोज दहाच्या आत मी खिळे काढून
आजची तारीख बसवतो.
अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

आणि दारात तिकीट फाडतो.
सांगितलं होतं, नुसता कोपरा फाडा,
म्हणजे पुन्हा चालायचं नाही.
पहिल्या दिवशी सहल होती, चौऱ्याऐंशी पोरं,
हात पुढं करून रांगेत.
पहिल्याच पोरीच्या तिकिटाचा कोपरा
चिमटीत धरला,
आणि बोटं ऐकेनात.

तेव्हापासून मधोमध फाडतो.
अर्धं त्यांना, अर्धं मला.
झाडताना कचरा जास्त निघतो,
एवढंच.