पालथं ताट

चिआतुराच्या क्लबात माझा सिनेमा लागला तेव्हा
आई तिसऱ्या रांगेत. मांडीवर पर्स, अंगात कोट तसाच.
पडद्यावर टेबल. चार खुर्च्या.
एका जागी पालथं ताट,
बराच वेळ नुसतं तेवढंच.

नंतर तिबिलिसीहून आलेला एक चष्मेवाला उठला.
म्हणाला, ताट म्हणजे बापाची गैरहजेरी,
म्हणजे बंद पडलेली खाण,
म्हणजे पाठ फिरवून गेलेला देश.
मी मान डोलावली.
बक्षीसही असल्याच एका वाक्यावर मिळालेलं.

रोपवेच्या पाळण्यात आई गप्प.
खाली नदी, मँगनीजने काळी.
मध्यावर पाळणा अडकला, नेहमीसारखा,
तेव्हा म्हणाली :
"माशा बसू नयेत म्हणून पालथं घालायचे गं.
खाली मक्याची भाकरी असायची, राजम्याचं कालवण.
आणि ओतारी यायचा.
मध्यरात्र होवो, रोज यायचा.
हात न धुता बसायचा, त्यावरून भांडायचो.
तुझ्या सिनेमात का नाही आला तो?"

आला असता, आई,
तर ताटाखाली काय आहे
ते दाखवावं लागलं असतं.

हे मी बोलले नाही.
पाळणा हलला.
"आणि आपल्या ताटाचा टवका उडालेला," ती म्हणाली,
"तुझं अगदीच कोरं."