दहा मिनिटं

दाबून धर, तूवा. चोळू नकोस.
चोळायचे ते दमलेले पाय,
आपलं रक्त नाही.
गुनेवीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलंय:
मोठा काटा दोनावरून चारावर जाईतो
हा कापसाचा बोळा तुझा नि माझा.

सुई बघितलीस ना, किती बारीक होती?
पेटीतली सगळ्यांत बारीक मागून घ्यायची असते,
लाजायचं नाही.
टोचायच्या आधीच सांगायचं, मोठ्यानं,
"माझं रक्त लवकर थांबत नाही,"
जसं फेरीबोटीवर चढताना सांगतो,
"माझ्याजवळ सायकल आहे."
दुपारी नाकात फवारा मारला, तासभर थांबलो,
पाणी बेतानं प्यायलो,
कार्ड आतल्या खिशात.
एवढा आपला जामानिमा.

किती झाली? दीडच?
मग ऐक.

माझ्या आईला, एड्लाला, तुझ्या पणजीला
सुईचं भय.
तिची बहीण दात काढायला म्हणून मारियेहामला गेली
आणि तीन टॉवेल भिजवून परतली.
चौथा तिच्यासोबत पेटीत गेला.
तेव्हापासून नर्सची होडी धक्क्याला लागली
की आई आम्हा भावंडांना
तळघरात बटाट्यांच्या पोत्यांमागे गप्प बसवायची.
आमच्या दंडाला कुणी हात लावला नाही.
रक्त आत राहू दे, म्हणायची, झालं.

मग डांग्या खोकला आला.
त्यानं काही होडीची वाट बघितली नाही.
रूबेन सहा वर्षांचा.
खोकायचा, निळा पडायचा,
श्वास ओढताना कोंबड्यासारखा आवाज यायचा,
आणि दर उबळीसरशी नाक फुटायचं.
समुद्र गोठलेला,
पण माणूस पेलेल इतका नाही;
होडी जाईना, घसरगाडी जाईना.
पाच दिवस आई चिमटीत त्याचं नाक धरून बसली.
टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबाला भ्यालेली ती बाई
कोपरापर्यंत लाल.
सहाव्या दिवशी तो खोकायचा थांबला.
मला वाटलं, बरा झाला.

नाही, रडू नकोस, दंड हलतो.

आईला मी बोल लावत नाही.
सुया तेव्हा जाड असायच्या,
उकळून उकळून बोथट झालेल्या,
आणि "दाब, चोळू नको" हे तीन शब्द
त्या होडीतून कुणी आणले नाहीत.
भय खरं होतं.
पत्ता चुकला होता.

सात झाली. बोट दुखतंय? बदल,
पण पहिलं उचलायच्या आधी दुसरं ठेव.

उद्या दंड निळा होईल कदाचित.
गोटीएवढा झाला तर शाळेत दाखव, मिरव.
बशीएवढा झाला, कडक लागला, ताणल्यासारखा दुखला
तर रात्री दोनलाही मला हाक मारायची.
उठेन. कुरकुरेन, पण उठेन.
ताप आला तर कुठली गोळी चालेल ते गुनेवीनं लिहून दिलंय,
आणि कुठली नाही, त्याच्याखाली
दोन रेघा ओढल्यात, कागद फाटेस्तोवर.

काटा आला.
उचल. हळू.
बघ: मोहरीएवढा ठिपका,
आणि कडा कोरड्या.

सव्वादोनची बोट गेली, ती बघ खिडकीतून,
तिचा धूर अजून धक्क्यावरच रेंगाळतोय.
पुढची पाचला. बसू.
नाहीतरी आता माझा नंबर आहे.
ये, बाही वर सरकव माझी, या म्हातारीची,
आणि नवा बोळा घेऊन तू उभी राहा.
गुनेवीनं सुई काढली रे काढली की दाब.

माझ्याकडे बघू नकोस, तूवा.
घड्याळाकडे.